पाटी नसलेला हायवे, बदनाम झालेलं गाव

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात डम्बार्टन ब्रिज उतरून १०१ फ्रीवेकडे जाणारे बहुतेक लोक विलो रोड किंवा युनिव्हर्सिटी अव्हेन्यू पकडतात. हे दोन्ही कॅलिफोर्नियाचे राज्य महामार्ग आहेत, तरी गाडी चालवताना त्यांचा क्रमांक कुठे दिसत नाही. शिवाय हे रस्ते ज्या वस्तीतून जातात, त्या ईस्ट पालो आल्टो आणि आसपासच्या भागाबद्दल आपल्या मंडळींत तीस वर्षांपूर्वीची माहिती अजून जशीच्या तशी फिरते आहे. या अंकात दोन्हींविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : रोज ब्रिजवरून मेन्लो पार्कला कामाला जातो. फोनवरचा नकाशा विलो रोडवर ‘११४’ दाखवतो, रस्त्यावर मात्र त्या आकड्याची पाटी नाही. नकाशा चुकला आहे का? (फ्रीमॉन्ट)

नकाशा बरोबर आहे. १०१ पासून बेफ्रंट एक्स्प्रेसवेपर्यंतचा विलो रोडचा जेमतेम मैलभराचा तुकडा म्हणजे स्टेट रूट ११४. शेजारच्या युनिव्हर्सिटी अव्हेन्यूचा क्रमांक १०९. कायद्यानुसार तो १०१ पासून सुरू होतो, पण प्रत्यक्षात राज्याच्या ताब्यातला भाग नोटर डेम अव्हेन्यूपासून बेफ्रंटपर्यंतचाच आहे. ब्रिजवरून येणारा रस्ता, म्हणजे बेफ्रंट, हा रूट ८४. त्याच्यावर पाट्या आहेत.

कॅलिफोर्नियात रस्त्याला क्रमांक विधिमंडळ देतं. पाटी लावणं हे कॅलट्रान्सचं, म्हणजे राज्याच्या वाहतूक खात्याचं काम. ‘स्ट्रीट्स अँड हायवेज कोड’मध्ये प्रत्येक मार्गाला स्वतंत्र कलम आहे आणि ते शोधायची युक्ती सोपी आहे : मार्गाच्या क्रमांकात ३०० मिळवा. ११४ चं कलम ४१४, १०९ चं ४०९. १९६४ पूर्वी कायद्यातला क्रमांक एक आणि पाटीवरचा दुसरा, असा दुहेरी कारभार होता. त्या वर्षीच्या मोठ्या फेरक्रमांकनात दोन्ही एक झाले. आज दिसणारी हिरवी, फावड्याच्या आकाराची पाटीही त्याच वर्षीची. तरीही काही मार्गांच्या नशिबी पाटी आली नाही. सॅक्रामेंटोत लोक ज्याला ‘बिझनेस ८०’ म्हणतात, त्याचा काही भाग कायद्यात रूट ५१ आहे. सॅन बर्नार्डिनोत २१५ आणि २१० ला जोडणारा छोटा फ्रीवे २५९ आहे. दोन्ही आकडे रस्त्यावर सापडणार नाहीत.

डिजिटल नकाशे राज्याच्या नोंदींवरून बनतात, म्हणून त्यांच्यात हा आकडा येतो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशात पाटी नसलेल्या क्रमांकासाठी वेगळा रकानाच आहे. तो भरलेला असेल, तर चालकाला तो आकडा दाखवायचा नाही एवढं सॉफ्टवेअरला कळतं. काही अ‍ॅप हा फरक पाळत नाहीत आणि ‘११४ वर वळा’ असं सांगून नवख्याला चौकात बुचकळ्यात टाकतात.

९११ ला फोन केलात तर ११४ म्हणू नका. ‘विलो रोड, न्यूब्रिज स्ट्रीटजवळ, ब्रिजच्या दिशेने’ असं रस्त्याचं नाव, जवळचा आडवा रस्ता आणि दिशा सांगा.

प्रश्न : पाटी नसेल तर समोरचा रस्ता राज्याचा की सिटीचा, हे जागेवर कसं ओळखायचं? (सनीवेल)

पोस्टमाइलची, म्हणजे राज्याच्या मार्गावरचं अंतर दाखवणारी पट्टी शोधा. रस्त्याच्या कडेला, गुडघ्याच्या आसपासच्या उंचीवर पांढरी अरुंद पट्टी असते. तिच्यावर वरून खाली मार्गाचा क्रमांक, काउंटीची अक्षरं आणि एक आकडा असतो. सॅन मटेओसाठी ‘एसएम’, सँटा क्लारासाठी ‘एससीएल’, अलमेडासाठी ‘एएलए’. आकडा मैलांचा असतो, पण पूर्ण मार्गाचा नसतो. काउंटी बदलली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, आणि ती दक्षिणेकडून उत्तरेकडे किंवा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जाते. आकड्याआधी ‘आर’ असेल तर रस्ता कधीतरी नव्या आखणीवर हलवला आहे. आखलेला पण न बांधलेला तुकडा मोजणीत धरलेला असला, तर पहिलीच पट्टी शून्याऐवजी भलत्याच आकड्याने सुरू होऊ शकते. त्यात चूक काही नसते.

शहरातल्या छोट्या रस्त्यांवर या पट्ट्या विरळ असतात, गाड्यांच्या धडकेने मोडतात आणि लवकर बदलल्या जात नाहीत. अशा वेळी सिग्नलच्या कडेची लोखंडी पेटी पाहा. राज्याच्या सिग्नलवर बहुधा काउंटी, मार्ग आणि पोस्टमाइल लिहिलेलं असतं. पूल असेल तर कठड्यावर किंवा खांबावर रंगवलेला पुलाचा क्रमांक वाचा. सुरुवातीचे दोन अंक काउंटीचे (सॅन मटेओ ३५, सँटा क्लारा ३७), आणि त्यांच्यानंतर ‘सी’ अक्षर आलं तर पूल सिटीचा किंवा काउंटीचा. ‘सी’ नसेल तर राज्याचा.

घरबसल्या खात्री करायची असेल तर कॅलट्रान्सच्या संकेतस्थळावर पोस्टमाइल शोधायचं साधन आहे. नकाशावर टिचकी मारली की मार्ग, काउंटी आणि आकडा मिळतो. तो राज्याच्या मार्गाला चिकटला नाही, तर रस्ता सिटीचा समजायला हरकत नाही.

विलो रोड १०१ ओलांडून पश्चिमेला गेला की मेन्लो पार्क सिटीचा होतो. नाव तेच, डांबर तेच, मालक वेगळा. पुढच्या प्रश्नात हीच गोष्ट पैशाची होते.

प्रश्न : विलो रोडवरच्या खड्ड्यात आपटून एक टायर आणि रिम गेली. पैसे मिळतील का? सिटीला ईमेल केली, उत्तर नाही. (न्यूअर्क)

मिळू शकतात, पण ईमेल म्हणजे क्लेम, म्हणजे भरपाईची रीतसर मागणी नव्हे. आणि खड्डा १०१ च्या पूर्वेला असेल तर तुमचं पत्र चुकीच्या दारात पडलं आहे.

सरकारी संस्थेकडे मालमत्तेच्या नुकसानीची मागणी घटनेपासून सहा महिन्यांत लेखी द्यावी लागते. राज्याच्या रस्त्यासाठी रक्कम १२,५०० डॉलरपर्यंत असेल तर कॅलट्रान्सचा एलडी-०२७४ हा फॉर्म भरून त्या विभागाच्या क्लेम कार्यालयाकडे द्यायचा. बे एरिया विभाग ४ मध्ये येतो, मुख्यालय ओकलंडला. रक्कम त्याहून मोठी असेल तर मागणी राज्याच्या जनरल सर्व्हिसेस खात्याच्या क्लेम विभागाकडे जाते आणि तिथे २५ डॉलर शुल्क लागतं. सिटीच्या रस्त्यासाठी सिटीचा स्वतःचा फॉर्म असतो, तो सिटी क्लर्ककडे द्यायचा. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. सिटीकडे मागणी दिली, तिने चार महिन्यांनी ‘रस्ता आमचा नाही’ म्हणून परत पाठवली, तर राज्याकडे जायला दोनच महिने उरतात. घड्याळ घटनेच्या दिवसापासून चालतं, नकार आला म्हणून ते थांबत नाही. शंका असेल तर दोन्हीकडे एकाच आठवड्यात मागणी द्या. त्यात काही बेकायदा नाही.

कागदपत्रांत हे हवं : खड्ड्याचे फोटो, एक जवळून (खोली कळावी म्हणून शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून) आणि एक लांबून, ज्यात आडव्या रस्त्याची पाटी दिसेल. तारीख, वेळ, दिशा, डावीकडून कितवी लेन. पोस्टमाइल सापडलं तर उत्तम. टायरचं बिल किंवा दोन गॅरेजचे अंदाज. गाडीच्या नोंदणीची प्रत. फोटोसाठी चालत्या रस्त्यात उतरू नका. पुढे सुरक्षित जागी थांबून फुटपाथवरून मागे या.

टायर बदलताना एक सांगून ठेवा. खड्ड्यात आपटलेल्या टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर तो दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. रिम बाहेरून ठीक दिसते पण आतल्या कडेला वाकलेली असते, म्हणून चाक काढून आतून बघायला लावा. चाकांची रेषा बिघडली असेल तर अलाइनमेंटचं बिलही त्याच मागणीत जोडा. पहिल्या बिलावर मागणी पाठवून मोकळे झालात आणि महिन्याने स्टीअरिंग थरथरायला लागलं, तर वाढीव खर्च मागणं अवघड होतं.

मागणी फेटाळली जाते ती बहुधा एका मुद्द्यावर : खड्डा आहे हे खात्याला माहीत होतं, किंवा माहीत असायला पुरेसा वेळ मिळाला होता, हे दाखवावं लागतं. काल रात्रीच्या पावसात पडलेल्या खड्ड्याचे पैसे क्वचितच मिळतात. म्हणून त्या जागेबद्दल आधीच्या तक्रारी होत्या का, हे पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टखाली (भारतातल्या माहिती अधिकारासारखा कायदा) मागून घ्या. माहिती आहे की नाही, देता येते की नाही, हे खात्याला साधारण १० दिवसांत कळवावं लागतं. ज्यांचं नुकसान झालेलं नाही त्यांनीही खड्डा दिसला की कॅलट्रान्सच्या ग्राहक सेवा विनंतीच्या पानावर नोंदवावा. खड्डा तर बुजतोच, शिवाय पुढच्या माणसाला पुरावा मिळतो.

डांबरात नेमकं चौकोनी ठिगळ असेल आणि खड्डा त्याच्या कडेला पडला असेल, तर दोष पाइप किंवा केबल टाकणाऱ्या कंपनीचा असू शकतो. रस्त्यावर रंगाच्या खुणा राहिल्या असतील तर अंदाज येतो : निळा पाण्याचा, पिवळा गॅसचा, लाल विजेचा, नारिंगी दूरसंचाराचा, हिरवा सांडपाण्याचा. ठिगळाचा फोटो आवर्जून जोडा.

खात्याने ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. काहीच उत्तर आलं नाही तर मागणी फेटाळली असं कायदा धरतो. लेखी नकार आला तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत कोर्टात जाता येतं. व्यक्तीसाठी स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टाची मर्यादाही १२,५०० डॉलरच आहे आणि तिथे वकील लागत नाही. गाडीच्या इन्शुरन्समध्ये खड्डा ‘कोलिजन’खाली येतो. डिडक्टिबल (तुम्ही स्वतः भरायची रक्कम) ५०० आणि नुकसान ४०० असेल, तर इन्शुरन्सच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : इतकी गर्दी आहे तर ११४ ची पाटी लावून टाकत का नाहीत? (युनियन सिटी)

मैलभराच्या रस्त्याची पाटी कोणाला कुठे नेणार? चालकाला हवं असतं ते ८४ आणि ब्रिज. दुसरं असं की, कुठल्याही सिटीला आपल्या वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यावर बाहेरच्या गाड्यांना आमंत्रण नको असतं. तिसरं कारण कागदावरचं : असे शहरी तुकडे राज्य कधी ना कधी सिटीकडे सोपवायला बघतं. हस्तांतराला कॅलिफोर्निया ट्रान्सपोर्टेशन कमिशनची मंजुरी लागते आणि सोपवताना रस्ता बऱ्या स्थितीत द्यावा लागतो. पैसे कोण घालणार, यावर घोडं अडतं.

प्रश्न : युनिव्हर्सिटी अव्हेन्यूजवळ अपार्टमेंट बघतोय. भाडं परवडतं. पण मेहुणे म्हणतात, ‘१०१ च्या पलीकडे राहायचं नाही, ती मर्डर कॅपिटल आहे.’ खरंच इतकं वाईट आहे का? (सँटा क्लारा)

मेहुण्यांचं वाक्य १९९२ सालचं आहे. त्या वर्षी ईस्ट पालो आल्टोत ४२ खून झाले. वस्ती सुमारे २४,००० होती, म्हणजे लाखामागे १७५. दरडोई हिशोबात ते देशात सर्वांत जास्त ठरलं आणि ते बिरुद चिकटलं. त्यानंतर शेजारच्या शहरांचे पोलीस, काउंटी शेरीफ आणि हायवे पेट्रोल यांच्या मदतीने आकडा झपाट्याने उतरला. २०२३ मध्ये या शहरात एकही खून झाला नाही. हे दुसरं वाक्य आपल्या जेवणावळींत कोणी म्हणताना ऐकू येत नाही.

मुळात ‘१०१ च्या पलीकडे’ ही सीमाच खोटी आहे. ईस्ट पालो आल्टोचा वुडलँड अव्हेन्यूकडचा भाग १०१ च्या पश्चिमेला आहे. विलो रोडलगतचा बेल हेवन १०१ च्या पूर्वेला असूनही मेन्लो पार्कमध्ये मोडतो, आणि त्याच रस्त्याच्या टोकाला मेटाचं मुख्यालय आहे. पालो आल्टोचा विमानतळसुद्धा १०१ च्या पूर्वेला आहे. फ्रीवे बघून वस्तीची लायकी ठरवणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

वस्ती अशी का घडली, ते थोडक्यात. १९५० च्या दशकात १०१ रुंद होऊन फ्रीवे झाला तेव्हा इथली दुकानं उठली आणि गावाचे दोन भाग झाले. त्याच काळात काही दलालांनी ‘काळे लोक येताहेत, भाव पडतील’ अशी भीती घालून गोऱ्या मालकांकडून घरं स्वस्तात घेतली आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना चढ्या भावाने विकली. आजूबाजूच्या गावांत त्या कुटुंबांना घर मिळत नव्हतं. १९७६ मध्ये रेव्हन्सवुड हायस्कूल बंद झालं. १ जुलै १९८३ ला गाव स्वतंत्र सिटी झालं, पण करासाठी मोठी दुकानं किंवा कंपन्या हाताशी नव्हत्या, आणि त्याच दशकात क्रॅक कोकेन आलं. आयकियाचं दुकान आणि युनिव्हर्सिटी सर्कलची कार्यालयं नंतर, २००० च्या आसपास आणि पुढे आली. सिलिकॉन व्हॅलीचं वैभव ज्या वर्षांत वाढत होतं, त्याच वर्षांत फ्रीवेच्या दुसऱ्या अंगाला हे चाललं होतं. त्याला योगायोग म्हणायला आमची तयारी नाही.

तेव्हा राहायला जा किंवा जाऊ नका, पण निर्णय १९९२ वर घेऊ नका.

प्रश्न : मग गुन्ह्यांचे आजचे आकडे कुठे आणि कसे बघायचे? संकेतस्थळं लाल-हिरवे नकाशे दाखवतात, ते खरे मानायचे का? (माउंटन व्ह्यू)

रंगीत नकाशे बाजूला ठेवा. एफबीआयचं क्राइम डेटा एक्सप्लोरर आणि कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याचं ओपनजस्टिस, या दोन जागी मूळ आकडे असतात. वाचताना तीन गोष्टी सांभाळा.

शहर लहान आहे. सुमारे ३०,००० वस्तीत एक खून झाला की दर लाखामागे ३.३ ने उडी मारतो. एका वर्षाच्या दरावरून काही ठरवू नका, पाच वर्षांची सरासरी काढा.

दुसरं, भागाकार. दर काढताना गुन्हे सगळे धरले जातात, पण भागायला फक्त रहिवासी घेतात. आयकियाच्या परिसरात दिवसभर बाहेरगावचे ग्राहक येतात. पार्किंगमध्ये गाडीची काच फुटली की गुन्हा ईस्ट पालो आल्टोच्या खात्यात पडतो आणि तो ग्राहक भाजकात धरलाच जात नाही. मोठी दुकानं असलेल्या प्रत्येक छोट्या सिटीचा मालमत्ता-गुन्ह्यांचा दर असाच फुगतो. म्हणून हिंसक गुन्हे आणि चोऱ्या वेगवेगळ्या बघा.

तिसरं, २०२१ चा आकडा. जानेवारी २०२१ पासून एफबीआयने मोजणीची पद्धत बदलली आणि त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या कित्येक पोलीस खात्यांची माहिती पोचलीच नाही. त्या वर्षाची तुलना आधीच्या किंवा नंतरच्या वर्षाशी करू नका.

आणि जागेवर जा. मंगळवारी रात्री नऊला, शनिवारी दुपारी, आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी पाचला. पाचच्या फेरीत कळेल की तिथल्या रहिवाशांची रोजची डोकेदुखी म्हणजे ब्रिजकडे निघालेल्या, आतल्या गल्ल्यांतून घुसणाऱ्या तुमच्या-आमच्या गाड्या.

प्रश्न : जाहिरातीत पत्ता ‘पालो आल्टो, ९४३०३’ आहे. म्हणजे मुलांना पालो आल्टोच्या शाळा मिळतील ना? (सॅन होजे)

गृहीत धरू नका. ९४३०३ हा झिप कोड पालो आल्टो आणि ईस्ट पालो आल्टो दोन्हींना सामायिक आहे. झिप टपाल खात्याच्या सोयीसाठी असतो, शहराच्या हद्दीशी त्याला देणंघेणं नाही. पत्ता सॅन मटेओ काउंटीच्या असेसरकडे, म्हणजे मालमत्तांची करनोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे सापडला तर ते पालो आल्टो नाही, कारण पालो आल्टो सँटा क्लारा काउंटीत आहे. ही तपासणी दोन मिनिटांची.

ईस्ट पालो आल्टो आणि बेल हेवनमध्ये आठवीपर्यंत रेव्हन्सवुड सिटी स्कूल डिस्ट्रिक्ट, पुढे सिक्वोया युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट लागतं. शाळांतल्या वांशिक विभागणीवरच्या टिन्सले खटल्यातल्या १९८६ च्या तडजोडीनुसार रेव्हन्सवुडच्या हद्दीतल्या अल्पसंख्याक मुलांना सुरुवातीच्या इयत्तांत शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये बदली मागता येते. जागा मर्यादित, निवड सोडतीने. पात्रता आणि मुदत काउंटीच्या शिक्षण कार्यालयाकडून लेखी घ्या, ऐकीव माहितीवर भाडेकरार करू नका.

बदनामीच्या नादात खरे प्रश्न राहून जातात, तेही इथेच सांगतो. पहिला पुराचा. सॅन फ्रान्सिस्कीतो ओढा १९९८ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा ३१ डिसेंबर २०२२ ला पात्राबाहेर आला. फेमाच्या (केंद्र सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था) नकाशावर पत्ता टाकून पूरक्षेत्र बघा. घरमालकाला पूरक्षेत्राची माहिती असेल तर भाडेकरारात ती सांगणं १ जुलै २०१८ पासून बंधनकारक आहे. भाडेकरूच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर धरलेला नसतो. पुराची पॉलिसी वेगळी, आणि राष्ट्रीय योजनेतून घेतली तर लागू व्हायला साधारण ३० दिवस लागतात. पावसाचा अंदाज ऐकून घ्यायची ही गोष्ट नव्हे.

दुसरा पाण्याचा. शहरात सगळीकडे एकच पुरवठादार नाही. काही गल्ल्यांना छोट्या सहकारी आणि म्युच्युअल (ग्राहकांच्याच मालकीच्या) कंपन्या विहिरींचं पाणी देतात. पाणी कोणाचं ते मालकाला विचारा आणि त्या कंपनीचा वार्षिक गुणवत्ता अहवाल मागा. तिसरं, ईस्ट पालो आल्टोला स्वतःचा भाडेनियंत्रण कायदा आहे. घर त्याखाली नोंदलेलं आहे का, हे सिटीच्या रेंट प्रोग्रामला विचारा. नोंद असेल तर पुढच्या वर्षीची भाडेवाढ मालकाच्या मर्जीवर राहत नाही.

प्रश्न : एजंटला सरळ विचारलं, ‘एरिया चांगला आहे का? आपले लोक आहेत का?’ तो उत्तरच देत नाही. काही लपवतोय का? (डब्लिन)

तो कायदा पाळतोय. १९६८ च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टखाली वंश, धर्म, मूळ देश वगैरे बघून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा तिच्यापासून परतवणं गुन्ह्यासारखं गंभीर मानलं जातं, आणि परवाना जाऊ शकतो. वर सांगितलेल्या दलालांच्या उद्योगांनंतर हा कायदा आला. त्याला मोजता येणाऱ्या गोष्टी विचारा : गेल्या वर्षातल्या विक्रीच्या किमती, घर किती दिवस बाजारात होतं, शाळेची हद्द, पूरक्षेत्र, रस्ता राज्याचा की सिटीचा. उलट एखाद्याने न विचारता ‘तिकडे तुम्हाला आवडणार नाही’ म्हटलं तर सावध व्हा. एचयूडीकडे (केंद्र सरकारचं गृहनिर्माण खातं) एका वर्षात तक्रार करता येते.

जाता जाता : आपल्या ग्रुपवर ‘खोली भाड्याने, फक्त भारतीय’ असे संदेश सर्रास पडतात. तुमच्याच घरातली एक खोली असली तरी मूळ देशाची पसंती जाहिरातीत लिहिणं बेकायदा आहे. स्वयंपाकघर आणि बाथरूम सामायिक असेल तर स्त्री की पुरुष, एवढं लिहायची मुभा कॅलिफोर्नियात आहे.

प्रश्न : राज्य महामार्गाला लागून घर आहे. ड्राइव्हवे रुंद करायचा आहे. सिटीचं परमिट पुरेल ना? (मेन्लो पार्क)

नाही. रस्त्याच्या सरकारी हद्दीत काहीही करायचं तर कॅलट्रान्सचं एन्क्रोचमेंट परमिट लागतं, अर्ज टीआर-०१००. पूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. यातला ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा : मोजमापांसह नकाशा, पाण्याचा निचरा आणि काम चालू असतानाची वाहतूक-व्यवस्था यांपैकी एक नसलं तरी घड्याळ सुरू होत नाही. हद्द फुटपाथच्या कडेला संपते असं धरू नका, ती बरेचदा तुमच्या हिरवळीत असते. सिटीचं परमिट लागत असेल तर तेही घ्या.

प्रश्न : आमच्याकडे न्यू जर्सीतही असे लपलेले क्रमांक आहेत का? (एडिसन)

आहेत, आणि तुम्ही रोज त्यांच्यावरून जाता. गार्डन स्टेट पार्कवे राज्याच्या नोंदीत ४४४ आहे, टर्नपाइक ७००. न्यू यॉर्कमध्ये टकॉनिक पार्कवे ९८७जी, ब्राँक्स रिव्हर पार्कवे ९०७एच. तिथे दर दशांश मैलावरच्या छोट्या हिरव्या पट्टीवर तीन ओळी असतात आणि पहिल्या ओळीत हा क्रमांक वाचता येतो. जॉर्जियात प्रत्येक इंटरस्टेटला असा दुसरा आकडा आहे (८५ चा ४०३, २८५ चा ४०७), फ्लोरिडात ९५ चा ९.

तुमच्याकडे रस्त्याचा मालक शोधायला न्यू जर्सीच्या वाहतूक खात्याच्या ‘स्ट्रेट लाइन डायग्राम’ बघा. मैलागणिक हद्द दिलेली असते. पार्कवे आणि टर्नपाइक दोन्ही टर्नपाइक ऑथॉरिटीकडे आहेत, वाहतूक खात्याकडे नाहीत. आणि कॅलिफोर्नियाचे सहा महिने डोक्यात ठेवू नका. न्यू जर्सीत सरकारी संस्थेला नुकसानीची नोटीस ९० दिवसांत द्यावी लागते.